व्हिडिओ कॉलवरील सादरीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील कार्यालये, महाविद्यालये, विश्वस्त संस्था आणि गृहनिर्माण सोसायट्यांत काम करणाऱ्यांसाठी मी व्हिडिओ कॉलवरील सादरीकरणाचे सराववर्ग घेते. तेथे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांना मी देत असलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे देताना एक श्रोती सतत माझ्या नजरेसमोर असते : संध्याकाळी सहानंतरच्या विरार गाडीत, महिलांच्या डब्यात, तीन जणींच्या बाकावर चौथी सीट मिळवून टेकलेली, मांडीवर पर्स, एका कानात इअरफोन आणि हातात उभा धरलेला फोन. सभेची लिंक तिलाही गेलेली आहे आणि निर्णयात तिचेही मत मोजले जाणार आहे. तिला जेवढे ऐकू येते आणि जेवढे दिसते तेवढेच आपले सादरीकरण, असे मी मानते आणि पुढील सारा सल्ला त्या एका गोष्टीवर उभा आहे.

प्रत्यक्ष सभागृहात माझे बोलणे रंगते. तेच व्हिडिओ कॉलवर फिके का पडते?

सभागृहात आपण एकटे बोलत नसतो. समोरचे मान डोलावतात, कोणी हुंकार देतो, कोणाच्या कपाळावर आठी पडते आणि त्या खुणांवरून आपण वेग कमी-जास्त करतो, एखादे उदाहरण वाढवतो, एखादे गाळतो. कॉलवर हुंकार म्यूट झालेला असतो आणि माना टपाल तिकिटाएवढ्या चौकटींत हलत असतात, त्यामुळे वक्त्याला प्रतिसाद मिळत नाही आणि त्याचा आवाज नकळत एकसुरी होत जातो.

दुसरे कारण विलंबाचे आहे. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात फार थोडा वेळ जातो. दहा भाषांचा एक तुलनात्मक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलण्यात सहसा अडथळा जाणवत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते; चालत्या गाडीतल्या मोबाइलवर हा वेळ सहज त्यापुढे जातो. आपण थांबलो हे समोरच्याला उशिरा कळते, त्याने सुरुवात केली हे आपल्याला आणखी उशिरा कळते, तोवर आपण पुढचे वाक्य सुरू केलेले असते, आणि मग दोघेही थांबून एकमेकांना बोलायला सांगत राहतात. माणसे उद्धट नसतात. त्यांची वेळ चुकवली जात असते. म्हणून कॉलवर मुद्दा संपला की पूर्ण थांबावे आणि पुढे कोणी बोलायचे ते नाव घेऊन सांगावे.

पैसे मर्यादित आहेत. चांगला कॅमेरा घ्यावा की चांगला माइक?

माइक घ्यावा, आणि याविषयी माझ्या मनात कोणताही संदेह नाही. चित्र अंधूक असले तरी लोक सांभाळून घेतात, पण आवाज खरखरीत असला की ऐकण्याचे कष्ट पडतात आणि त्या कष्टांचा राग सांगितलेल्या मजकुरावर निघतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैज्ञानिकांची तीच भाषणे आणि त्याच मुलाखती काही श्रोत्यांना स्वच्छ आवाजात आणि काहींना मुद्दाम बिघडवलेल्या आवाजात ऐकवल्या होत्या. मजकूर अक्षर न् अक्षर तोच असूनही खराब आवाज ऐकणाऱ्यांना ते संशोधन कमी महत्त्वाचे आणि तो संशोधक कमी सक्षम वाटला.

माइक म्हणजे महागडे यंत्र असे समजू नये. फोनसोबत पूर्वी मिळत असे तसा माइक असलेला वायरचा साधा इअरफोन लॅपटॉपच्या अंगच्या माइकपेक्षा बहुतेक वेळा चांगला ठरतो, कारण तो तोंडाजवळ असतो. तोंड आणि माइक यांत एका वितीपेक्षा जास्त अंतर राहू नये. ब्लूटूथचे इअरफोन गाणी ऐकताना छान वाटतात, परंतु त्यांचा माइक सुरू झाला की अनेक जोड्यांमध्ये आवाज फोनवर बोलण्याच्या हँड्स-फ्री पद्धतीने जाऊ लागतो आणि त्याचा दर्जा उतरतो. शिवाय चार्जिंग नेमके सभेच्या मध्येच संपते. कॉलरला लावायचा माइक असेल तर तो ओढणीवर, मंगळसूत्रावर किंवा ओळखपत्राच्या दोरीवर घासत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

माझा आवाज स्पष्ट आहे, तरीही आकडे चुकीचे ऐकले जातात. असे का होते?

कारण व्यंजने हरवतात. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने; जितकी जास्त तितका आवाज बारीक) एवढाच पट्टा जात असे, आणि ‘स’ किंवा ‘श’ उच्चारताना होणाऱ्या घर्षणाचा बराचसा आवाज त्याच्या वर असतो. आजची ॲप्स याहून रुंद पट्टा पोचवू शकतात, पण माइक दूर असला, ऐकणारा गोंगाटात असला किंवा नेटवर्क अशक्त असले की सर्वांत आधी हेच वरचे आवाज जातात. स्वर उरतो, व्यंजन जाते. ‘साठ लाख’ म्हटलेले ‘आठ लाख’ असे ऐकू येते. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक शेवटच्या एका वर्णावर असतो आणि वाक्य घाईत संपवले तर तोही पुसला जातो.

लेखा विभागातील जुने लोक फोनवर रक्कम सांगताना एक पद्धत पाळतात, ती मी सर्वांना शिकवते : रक्कम आधी शब्दांत सांगावी आणि लगेच अंक सुटे करून पुन्हा सांगावी. ‘साठ लाख, म्हणजे सहा-शून्य लाख.’ तारखांचेही तसेच करावे, आणि आकडा सांगून झाल्यावर पुढचे वाक्य सुरू करण्यापूर्वी श्वासभर थांबावे, कारण ऐकणारा तो आकडा मनात लिहून घेत असतो.

ओठ दिसले तर ऐकणे सोपे जाते, हेही येथे सांगितले पाहिजे. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर शब्द अधिक ओळखू येतात, हे १९५४ पासून प्रयोगांनी दाखवलेले आहे. महत्त्वाचा आकडा सांगताना मान खाली घालून वहीत पाहू नये, एवढे पथ्य त्यातून निघते.

आमचे घर वन रूम किचन आहे. घरातला आणि बाहेरचा आवाज कसा आवरावा?

मुंबईत शांत खोली ही चैन आहे आणि ती नसल्याबद्दल कोणी लाजू नये. जे हातात आहे ते मात्र नीट करावे. सर्वप्रथम खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणाट ऐकू आला तर भिंती आणि फरशी आवाज परत फेकत आहेत असे समजावे आणि गादी, गोधडी, जाड पडदा, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांच्याजवळ जाऊन बसावे. कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून बोललेला आवाज कमी पैशांत मिळणाऱ्या सर्व आवाजांत चांगला असतो, हे मी अनेकांना करून दाखवले आहे.

बाहेरचे आवाज दोन जातींचे असतात. पंखा, एसी, दूरची वाहतूक हे एकसारखे चालणारे आवाज ॲपमधील नॉइज सप्रेशन बऱ्यापैकी दाबते. कुकरची शिट्टी, दाराची बेल, समोरच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचा ब्रेकर आणि खिडकीतला कावळा हे अचानक येणारे आवाज आहेत. ते दाबताना ॲप आपलाही शब्द अर्धा खाते. त्यांच्यावर उपाय माणसांशी बोलून होतो. आईला किंवा सासूबाईंना साडेअकरा ते सव्वाबारा कुकर लावू नका असे आदल्या रात्री सांगावे, दाराच्या बेलखाली चिठ्ठी चिकटवावी, बांधकामाच्या मुकादमाला जेवणाची सुट्टी किती वाजता असते ते विचारून सभा त्या वेळेत बसवता येते का ते पाहावे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळी आरतीच्या वेळी महत्त्वाचे सादरीकरण ठेवूच नये. आवाज तर असतोच, पण श्रोत्यांचे मनही आरतीत असते आणि ते योग्यच आहे.

संगीत शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तानपुऱ्याचा अखंड सूर नॉइज सप्रेशनला पंख्यासारखाच वाटतो आणि ते तो पुसून टाकते. शिष्याला मग आधारसूराविना गावे लागते. झूममध्ये त्यासाठी ओरिजिनल साउंड ही सोय आहे, ती सुरू करावी.

कॅमेरा आणि उजेड यांविषयी थोडक्यात काय पाळावे?

लॅपटॉपखाली पुस्तके, पाट किंवा पोह्यांचा चपटा डबा ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा, म्हणजे छताचा पंखा डोक्यावर फिरताना दिसत नाही. खिडकी समोर असावी, पाठीमागे नसावी. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेपाचला सुरू केलेल्या सभेत चेहरा अर्ध्यावर काळवंडतो. दिवा सुरुवातीपासूनच लावून ठेवावा. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर वेबकॅमच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ आहे का ते पाहावे, कारण आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे आणि काही वेबकॅम ६० वर ठेवलेले येतात.

बोलताना कॅमेऱ्याकडे पाहावे की लोकांच्या चेहऱ्यांकडे?

सुरुवातीचे वाक्य, मुख्य मागणी आणि शेवट एवढ्या तीन ठिकाणी कॅमेऱ्याकडे पाहावे. एरवी चेहऱ्यांकडे पाहिले तरी चालते, कारण तेथून थोडा तरी प्रतिसाद मिळतो. चेहऱ्यांची खिडकी ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणून ठेवली तर दोन्ही साधते. स्वतःचा चेहरा मात्र स्वतःच्या पडद्यावरून लपवावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणे मांडली, त्यांत सतत स्वतःला पाहत राहणे हे एक होते. दिवसभर आरशासमोर बसून आपण एरवी काम करत नाही.

स्लाइडवरील अक्षर किती मोठे असावे?

या प्रश्नाचे उत्तर मी हिशेबानेच देते. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद असते. उभ्या धरलेल्या फोनचा पडदा साधारण ७ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे स्लाइड जवळजवळ पाचपट लहान होते आणि आपण समाधानाने २४ पॉइंटात लिहिलेली ओळ विरार गाडीतल्या त्या बाईंना सुमारे ५ पॉइंटांची दिसते. फोन आडवा धरला तर ती ९ पॉइंटांपर्यंत जाते, पण गर्दीत एका हाताने फोन आडवा धरून कोणी ऐकत नाही. ४० पॉइंटांची ओळ उभ्या फोनवर ८ पॉइंटांच्या आसपास येते आणि ती वाचता येते. म्हणून मी ४० पॉइंटांच्या खाली जाऊ देत नाही. एवढ्या आकारात एका स्लाइडवर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर बसत नाही, आणि तेच अपेक्षित आहे.

हे मी चूक करून शिकले. काही वर्षांपूर्वी एका विश्वस्त संस्थेपुढे मी खर्चाचा तक्ता मांडला होता : नऊ रकाने, चौदा ओळी, प्रत्येक आकडा तपासलेला. वीस मिनिटे मी त्या तक्त्यातून फिरत होते. सभा संपल्यावर एका ज्येष्ठ विश्वस्तबाईंचा फोन आला. त्या गिरगावातल्या घरून फोनवर सहभागी झाल्या होत्या आणि त्यांना पांढऱ्या कागदावर मुंग्या बसल्यासारखे दिसत होते. सर्वांदेखत सांगणे बरे दिसणार नाही म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. त्या संध्याकाळी मी तोच तक्ता स्वतःच्या फोनवर उघडून पाहिला. मलाही त्यातला एक आकडा वाचता आला नाही, आणि तो तक्ता मी स्वतः केलेला होता. तेव्हापासून तक्ता आधी पीडीएफने पाठवते आणि स्लाइडवर त्यातील एकच आकडा, मोठा करून, ठेवते.

मराठी स्लाइडसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. देवनागरीत अर्थ शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खालीही असतो. ‘सदस्याचा विरोध’ आणि ‘सदस्यांचा विरोध’ यांत एका टिंबाचा फरक आहे. नेटवर्क मंदावले की चित्र दाबून पाठवले जाते आणि सर्वांत आधी असे बारीक टिंबच विरून जाते. एकट्याचा विरोध आहे की अनेकांचा, हे ठरावात नंतर महागात पडू शकते. तेव्हा अशा ठिकाणी ‘तीन सदस्यांचा विरोध’ असे संख्येसह लिहावे. देवनागरी १ आणि ९ हेही धूसर पडद्यावर एकमेकांसारखे दिसतात. जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा आणि दोन ओळींतले अंतर रोमन मजकुरापेक्षा सैल ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात.

जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की तेथे तो फॉन्ट नसल्यामुळे निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. नवे सर्व काम युनिकोडमध्येच करावे. जुनी फाइल वापरणे भाग असेल तर ज्या संगणकावर ती बरोबर दिसते तेथेच तिची पीडीएफ करून घ्यावी.

स्क्रीन शेअर करताना गोंधळ होतो. काय करावे?

पूर्ण स्क्रीन दाखवण्याऐवजी फक्त स्लाइडची विंडो दाखवावी आणि संगणकावर डू नॉट डिस्टर्ब लावावे, म्हणजे घरच्या ग्रुपवरचे निरोप सभेपुढे उमटत नाहीत. फिल्म दाखवायची असेल तर शेअर साउंडची खूण केली आहे ना ते पाहावे. ती राहिली की फिल्म मुकी जाते. स्लाइड बदलल्यावर ती सर्वांकडे पोचायला कधी कधी सेकंद-दोन सेकंद लागतात, म्हणून बदल केल्यावर लगेच बोलू नये. सरकत येणारी, विरघळणारी ॲनिमेशन काढून टाकावीत; स्क्रीन शेअरमध्ये ती अडखळतात. माउसच्या बाणाने दाखवत ‘हे’ आणि ‘इथे’ म्हणण्यापेक्षा ‘उजवीकडचा लाल खांब, म्हणजे मार्चचा खर्च’ असे म्हणावे, कारण गाडीतल्या श्रोतीचा फोन त्या क्षणी पर्समध्ये असू शकतो आणि तिला केवळ ऐकू येत असते.

किती वेळ बोलावे आणि सुरुवात कशी करावी?

झूमच्या मोफत सभेला ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि तीन किंवा अधिक जणांच्या मोफत गूगल मीटला ६० मिनिटांची. तेवढ्यात लोक येणे, ऐकू येते का याची चौकशी, प्रश्नोत्तरे हे सारे बसवायचे असते. चाळीस मिनिटांच्या सभेत वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलण्याची तयारी करू नये.

आपण काय मागण्यासाठी आलो आहोत ते पहिल्या दोन मिनिटांत सांगावे. आपल्याकडे आधी आभार, मग प्रास्ताविक, मग संस्थेचा इतिहास आणि अखेरीस मुद्दा असा क्रम चालत आला आहे. सभागृहात तो शोभतो, कारण तेथे आलेला माणूस उठून जात नाही. कॉलवर मात्र पुढचे स्थानक येते, फोन येतो, नेटवर्क जाते, आणि जो मुद्दा अखेरीस ठेवला तो ऐकायला कोणी उरत नाही. ‘छताच्या दुरुस्तीसाठी दोन निविदा आल्या आहेत, त्यांपैकी एक आज निवडायची आहे’ असे आधी सांगावे आणि आभार त्यानंतर मानावेत.

प्रश्न विचारला तर सगळे गप्प राहतात. लोकांना बोलते कसे करावे?

‘कोणाला काही शंका?’ हा प्रश्न कोणालाच उद्देशून नसतो, त्यामुळे त्याचे उत्तर द्यायची जबाबदारीही कोणावर पडत नाही. त्याऐवजी विषय आणि व्यक्ती दोन्ही नेमून विचारावे, आणि नाव प्रश्नाच्या आधी घ्यावे, शेवटी नव्हे. ‘लेखा विभागाच्या मॅडम, पुढचा प्रश्न आपल्यासाठी आहे’ असे म्हटले की त्या सावध होतात, म्यूट काढतात आणि मग प्रश्न पूर्ण ऐकतात. नाव शेवटी घेतले तर त्यांनी प्रश्न ऐकलेला नसतो आणि सर्वांसमोर तो पुन्हा विचारायला लावणे त्यांना अवघड वाटते. ज्येष्ठांना नावाने पुकारणे आपल्याकडे रुचत नाही, तेव्हा साहेब, मॅडम, सर, काका, ताई असे त्या संस्थेत जे संबोधन रूढ असेल तेच कॉलवरही वापरावे. पडद्यावर नाव लिहून आले आहे म्हणून ते तसेच वाचू नये.

मग थांबावे, आणि खरोखर थांबावे. फोन हातात घेणे, पडद्याला स्पर्श करणे, म्यूटचे बटण शोधणे, ते काढणे आणि घसा साफ करणे यांत दहा सेकंद सहज जातात. वक्त्याला ते दहा सेकंद फार लांब वाटतात आणि चौथ्या सेकंदाला तो ‘बरं, मग पुढे जाऊ या’ म्हणून टाकतो. मी वर्गात घड्याळ समोर ठेवून हे थांबणे शिकवते; पहिल्या दिवशी जवळजवळ कोणालाच ते जमत नाही.

जे बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी चॅट मोकळा ठेवावा आणि तो वाचण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे. गर्दीच्या डब्यात पगाराचा किंवा घरच्या आजारपणाचा विषय मोठ्याने बोलता येत नाही, पण ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढे टाइप करता येते. अशा श्रोत्यांसाठी दोन शब्दांत उत्तर देता येईल असा प्रश्न तयार ठेवणे हा सौजन्याचा भाग आहे.

सादरीकरण मराठीत करावे की इंग्रजीत?

ज्या भाषेत निर्णयाची चर्चा होणार आहे त्या भाषेत करावे. संमिश्र सभेत मी स्लाइड इंग्रजीत आणि बोलणे मराठीत असे करत नाही, कारण वाचणे एका भाषेत आणि ऐकणे दुसऱ्या भाषेत असले की दोन्ही अर्धवट होतात. मराठी न समजणारे सहकारी असतील तर प्रत्येक भागाच्या शेवटी चार वाक्यांत हिंदीतून किंवा इंग्रजीतून सार सांगावे आणि तसे करणार असल्याचे आधीच सांगून ठेवावे.

सभेच्या मध्येच इंटरनेट किंवा वीज गेली तर?

मुंबईत वीज क्वचित जाते आणि म्हणूनच येथे फार थोड्या घरांत इन्व्हर्टर असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागातील वीज एकाएकी गेली, लोकल थांबल्या आणि टाळेबंदीमुळे घरून काम करणाऱ्यांच्या सभाही जागच्या जागी बंद पडल्या. लॅपटॉपला बॅटरी होती, राउटरला नव्हती. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी लहान यूपीएस मिळतो. आपल्या राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट वाचून तो घ्यावा.

नेट मंदावले तर आधी आपला व्हिडिओ बंद करावा, आवाज सोडू नये. झूमच्या आवाजाला शंभर केबीपीएसपेक्षाही कमी पुरते. व्हिडिओला त्याच्या कित्येक पट लागते. राउटर आणि आपण यांत दोन भिंती असतील तर ५ गीगाहर्ट्झपेक्षा २.४ गीगाहर्ट्झचे वायफाय लांबवर पोचते, परंतु दाटीच्या इमारतीत शेजाऱ्यांचेही राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात. महत्त्वाच्या दिवशी सरळ लॅन केबल जोडावी. फोनचे हॉटस्पॉट तयार ठेवावे आणि ते शक्यतो घरच्या कंपनीपेक्षा दुसऱ्या कंपनीचे असावे. सर्वांत उपयोगी तयारी मात्र माणसाची असते : स्लाइडची प्रत एका सहकाऱ्याकडे असावी, त्याला को-होस्ट केलेले, म्हणजे सभा चालवण्याचे अधिकार दिलेले असावेत, आणि आपण तीन मिनिटांत परत आलो नाही तर कोणत्या स्लाइडपासून बोलायचे हे त्याला ठाऊक असावे.

काही जण सभागृहात आणि काही कॉलवर असतील तर?

हा सर्वांत अवघड प्रकार आहे. सभागृहातले लोक चहा घेत एकमेकांशी बोलतात आणि कॉलवरच्यांना नुसता कपबशांचा आवाज ऐकू येतो. सभागृहात विचारलेला प्रत्येक प्रश्न वक्त्याने माइकवर पुन्हा सांगावा आणि उत्तरांची पहिली संधी कॉलवरच्यांना द्यावी. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या व्हिडिओ सभांसाठी २०१४ च्या नियमांत एक चांगली रीत घालून दिली आहे : सुरुवातीला हजेरी घेताना दुरून सहभागी होणाऱ्या प्रत्येक संचालकाने आपले नाव, आपण कोठून बोलत आहोत ते आणि कार्यक्रमपत्रिका व कागदपत्रे मिळाली आहेत हे सांगायचे, आणि पुढे कोणत्याही विषयावर बोलण्यापूर्वी आपली ओळख द्यायची. कायद्याने ती आपल्या सोसायटीच्या सभेला लागू होत नसली तरी उसनी घेण्यासारखी आहे. त्या हजेरीत प्रत्येकाचा माइकही तपासून होतो.

सराव कसा करावा?

आरशासमोर करू नये. दुसऱ्या फोनवरून स्वतःच्याच सभेत सामील व्हावे, तो फोन घरातल्या कोणाच्या तरी हाती द्यावा आणि त्यांना स्वयंपाकघरात पाठवावे. पंखा चालू असावा, नळ वाहत असावा, एकाच कानात इअरफोन असावा आणि फोन उभा धरलेला असावा. आपण दुसऱ्या खोलीत दार लावून पूर्ण सादरीकरण करावे. त्यांच्या हाती एक कागद द्यावा आणि ऐकलेला प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख आणि आपण शेवटी काय मागितले ते एका ओळीत लिहून घ्यायला सांगावे. त्यांना विषयाची माहिती नसेल तर अधिक चांगले. नंतर तो कागद स्लाइडशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावा आणि जेथे साठाचे आठ झाले असतील तेथे ते वाक्य नव्याने बांधावे.